अतिदक्षता विभागातील हृदयताल-नियामक औषधे आणि परिचारिकेची जबाबदारी

प्रास्ताविक : पेडणे व डिचोली हे उत्तर गोवा जिल्ह्यातील तालुके होत. येथील अत्यवस्थ हृदयरुग्णास पुढील उपचारांसाठी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागते. औषध एका ठिकाणी सुरू होते आणि दुसऱ्या ठिकाणी पुढे चालते. औषध लिहून देणे हे डॉक्टरांचे काम असले, तरी ते शरीरात किती व कोणत्या गतीने जाते, हे परिचारिकेच्या हाती असते. प्रस्तुत लेखात या जबाबदारीचा विचार केला आहे.

औषधांचे स्वरूप : हृदयाचा ताल सुधारणारे औषध तो बिघडवूही शकते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कास्ट' या अमेरिकन अभ्यासात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांना फ्लेकेनाईड व एन्केनाईड दिले गेले, त्यांच्यात मृत्यूंचे प्रमाण वाढलेले दिसले. म्हणून ही औषधे देताना मॉनिटरवर सतत लक्ष हवे.

अमिओडॅरोन : नाडी असलेल्या, रक्तदाब टिकून असलेल्या रुग्णास सामान्यतः १५० मि.ग्रॅ. औषध १० मिनिटांत देतात. नंतर ६ तास मिनिटाला १ मि.ग्रॅ. व पुढील १८ तास मिनिटाला ०.५ मि.ग्रॅ. दिले जाते. पहिल्या ६ तासांत ३६० व पुढील १८ तासांत ५४० मि.ग्रॅ. औषध जाते. सहा तासांनी गती निम्मी करण्याचे राहून गेले, तर ५४० ऐवजी १०८० मि.ग्रॅ. जाईल. परिणामी नाडी मंदावणे व रक्तदाब घसरणे संभवते.

हे औषध सलाईनमध्ये नव्हे, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळावे. ९०० मि.ग्रॅ.चे एकूण ५०० मि.लि. द्रावण केल्यास पंपाची गती प्रथम ताशी सुमारे ३३ मि.लि. व नंतर १७ मि.लि. येते. हातातील शिरेला सूज किंवा लाली दिसताच डॉक्टरांना कळवावे. रुग्ण डिगॉक्सिन किंवा वॉरफरिन घेत असल्यास तेही सांगावे, कारण अमिओडॅरोनमुळे त्यांचा प्रभाव वाढतो.

ॲडेनोसिन : याचा परिणाम काही सेकंदच टिकतो. म्हणून ६ मि.ग्रॅ. औषध हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून झटकन देऊन लगेच २० मि.लि. सलाईन सोडतात. हळू दिलेले ॲडेनोसिन वाया जाते. क्षणभर ठोके थांबल्यासारखे दिसतात व छातीत दडपण येते. याची कल्पना रुग्णास आधी द्यावी.

दक्षता : पोटॅशियम व मॅग्नेशियमचे अहवाल पाहावेत. मात्रेचा हिशोब दुसऱ्या परिचारिकेकडून तपासून घ्यावा. क्यूटी अंतर ५०० मिलिसेकंदांपुढे गेल्यास त्वरित कळवावे. डिफिब्रिलेटर जवळ असावा.

निष्कर्ष : रुग्ण हलविताना बाटलीवर औषधाचे प्रमाण, सुरू केल्याची वेळ आणि गती बदलण्याची वेळ ठळक लिहावी. पेडण्याहून आलेल्या रुग्णाचे सहा तास बांबोळीला पोहोचल्यापासून नव्हे, तर औषध सुरू झाल्यापासून मोजायचे असतात. एवढी एक नोंद रुग्णाचा जीव वाचवू शकते.