कोयता घेताय? धारेआधी मूठ तपासा

पावसाळा तोंडावर आला की आठवडी बाजारात लोहाराच्या पालापुढे कोयत्यांची रांग लागते. नुसती चकाकी बघून कोयता उचलू नका. घाव घालताना पातं मुठीतून निसटलं, तर ते शेजारी काम करणाऱ्याच्या अंगावर जातं.

मूठ : पात्याचं शेपूट मुठीत खोल गेलेलं आणि तोंडाशी लोखंडी कडी घट्ट बसलेली हवी. पातं जोरात हलवून बघा. जरा जरी खुळखुळलं, तरी परत ठेवा. वार्निश मारलेली गुळगुळीत मूठ घामानं सटकते.

पोलाद : ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता टिकतो, पण त्याला नीट पाणी दिलेलं हवं. धारेवर कानस फिरवा. कानस सहज कापत गेली, तर धार लवकर वळेल. अजिबात न लागता घसरली, तर टवके उडतील. जेमतेम लागली, तर माल चांगला.

आकार : झुडपं छाटायला टोकाशी वळलेला, हलका कोयता घ्या. जळण तोडायला सरळ आणि टोकाकडे जड असलेला बरा.

धार : कोरड्या ग्राइंडरवर तापून पातं निळसर झालं, की पाणी उतरलंच समजा. आधी कानस, मग ओला दगड वापरा.

शेतीच्या अवजाराला शस्त्र परवाना लागत नाही. तरी गाडीवरून उघडा कोयता नेऊ नका. गोणपाटात गुंडाळून बांधा. अपघात टळतो आणि नाक्यावरची चौकशीही.