पावसाचे पाणी, नौका आणि वन्यजीवदर्शन : ओकावांगो व उजनी यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

वन्यजीव-सफर म्हटले की उघडी जीपगाडी, वाळलेले रान आणि उन्हाळ्यातील पाणवठा हे चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. आफ्रिकेत या सफरीचे आणखी एक रूप रूढ आहे. पावसाने चिकणमातीचे रस्ते वाहनांना दुर्गम झाले, तरी काही नद्या व सरोवरे यांमधून नौकेने प्राणी-पक्षी पाहता येतात. महाराष्ट्रात नौकेतून वन्यजीवदर्शनाचे सर्वपरिचित ठिकाण म्हणजे भीमा नदीवरील उजनी धरणाचा फुगवटा, विशेषतः पुणे जिल्ह्यातील भिगवण, कुंभारगाव व डिकसळ हा परिसर. येथील मुख्य हंगाम मात्र पावसाळ्याचा नसून हिवाळा व उन्हाळा यांचा आहे. हा फरक का पडतो आणि त्याचा पुणे शहराशी कोणता संबंध आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आफ्रिकेतील पावसाळा आणि नौका

पावसाळ्यात आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांत जागोजागी डबकी भरतात. पाण्यासाठी नदीवर येण्याची गरज उरत नसल्याने हत्तींसारखे प्राणी दूरवर पांगतात. याउलट पाणघोडे, मगरी व पाणपक्षी जलाशयाशीच बांधलेले असतात. त्यामुळे युगांडातील एडवर्ड व जॉर्ज या सरोवरांना जोडणाऱ्या काझिंगा या नैसर्गिक प्रवाहात नौकेतून त्यांचे दर्शन पावसाळ्यातही घडू शकते. नोव्हेंबरपासून युरोप व आशियातील स्थलांतरित पक्षीही आफ्रिकेत आलेले असतात.

तथापि पाऊस आणि पूर एकाच वेळी येतात असे नाही. बोत्स्वानातील ओकावांगो त्रिभुज प्रदेश हे याचे उत्तम उदाहरण होय. २०१४ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झालेला हा प्रदेश समुद्राला न मिळणाऱ्या नदीने कालाहारीच्या वाळूत निर्माण केला आहे. अंगोलाच्या उंच प्रदेशात पडलेला पाऊस मंद उताराने, लव्हाळ्यांतून वाट काढत काही महिन्यांनी तेथे पोहोचतो. परिणामी पुराची उच्च पातळी साधारणतः जून ते ऑगस्ट या काळात, म्हणजे स्थानिक कोरड्या ऋतूत आढळते. ‘मोकोरो’ ही बांबूसारख्या लांब काठीने ढकलायची अरुंद होडी तेव्हा उथळ पाण्यात सहज फिरते. पाऊस एका प्रदेशाचा आणि नौकेचा हंगाम दुसऱ्या प्रदेशाचा, असे हे नाते आहे.

उजनी : घाटमाथ्याच्या पावसाचे सरोवर

उजनीची रचना याच तत्त्वाने समजून घेता येते. इंदापूर व करमाळा हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. स्थानिक पावसावर एवढे विस्तीर्ण सरोवर भरणे शक्य नाही. ते भरते सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पावसाने. टेमघर, वरसगाव व पानशेत या धरणांचे पाणी खडकवासल्यातून मुठेत येते. पुण्यात मुठा मुळेला मिळते आणि मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. बुधवार पेठेसह शहरातील जुन्या पेठा मुठेच्या उजव्या तीराच्या बाजूस वसल्या आहेत. नदीपात्रातील रस्ता पाण्याखाली गेला की पेठांतील नागरिक खडकवासल्याच्या विसर्गाची चर्चा करू लागतात. तेच पाणी पुढे उजनीच्या पक्ष्यांचे आश्रयस्थान घडवते, ही बाब मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यापैकी सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त व सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा होय. मृतसाठा उपयुक्त साठ्याहून अधिक असल्यामुळे टंचाईच्या वर्षी धरण ‘उणे’ पातळीत गेले तरी फुगवट्यात बरेच पाणी शिल्लक असते.

ओसरते पाणी आणि पक्षी

पावसाळ्यात जलाशय भरतो, तेव्हा काठची उथळ जागा खोल पाण्याखाली जाते. लांब पायांच्या पक्ष्यांना तेथे उभे राहून अन्न शोधता येत नाही. पुढे सिंचनाची आवर्तने सुरू होतात, पाणी ओसरू लागते आणि गाळाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. या गाळात कीटकांच्या अळ्या, गोगलगायी व शेवाळ यांची समृद्धी असते. रोहित पक्षी चोच उलटी धरून पाणी गाळतो व त्यातील सूक्ष्म अन्न टिपतो. त्यासाठी त्याला उथळ पाणी व मऊ गाळ आवश्यक असतो. पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक, नदी सुरय अशा अनेक पक्ष्यांची येथे नोंद होते. पावसाला प्रारंभ झाला की रोहित निघून जातात. त्यांची भारतातील प्रसिद्ध वीण कच्छच्या रणात होते आणि तीही तेथे साचणाऱ्या पावसाच्या पाण्यावरच अवलंबून असते.

ठाणे खाडीतही असाच क्रम दिसतो. २०१५ मध्ये अभयारण्य व २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून घोषित झालेल्या या खाडीत ऐरोली येथून नौका सुटतात. तेथे धरणाच्या आवर्तनाऐवजी भरती-ओहोटी वेळापत्रक ठरवते, एवढाच फरक.

पाणी लवकर चढले तर हा क्रम बिघडतो. मे २०२५ मध्ये अवेळी झालेल्या जोरदार पावसाने उजनीची पातळी नेहमीपेक्षा आधीच वाढली. दुसरीकडे, उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर केली जाते, त्यामुळे पक्ष्यांचे खाद्यक्षेत्र आणि शेतकऱ्याची उपजीविका एकाच पट्ट्यावर येऊन ठेपतात.

होडी, नावाडी आणि वारा

धरणाने अनेक गावे विस्थापित केली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी उतरले की आजही दृष्टीस पडते. काठावरील मच्छीमारांना हिवाळा-उन्हाळ्यात पर्यटकांना होडीतून नेणे हे पूरक उत्पन्न ठरले आहे. पक्षी कोठे उतरले आहेत आणि होडी किती अंतरावर थांबवावी, याचे त्यांचे ज्ञान अनुभवसिद्ध असते.

या व्यवसायाचा धोका वाऱ्यात आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव व इंदापूर तालुक्यातील कळाशी यांदरम्यान प्रवासी वाहतूक करणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती पर्यटनाची बोट नव्हती. परंतु जलाशय तोच आणि वळवाचे वारेही तेच. म्हणून जीवरक्षक जाकीट, प्रवाशांच्या संख्येवर मर्यादा, सकाळची वेळ आणि आभाळ भरून आल्यास फेरी रद्द करणे या अटी अपरिहार्य ठरतात. ताडोबाचे गाभाक्षेत्र पावसाळ्यात पर्यटकांना बंद ठेवण्याची आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयातून वासोट्याकडे जाणाऱ्या फेऱ्या त्या काळात थांबवण्याची प्रथाही सुरक्षितता व वन्यजीवांची विश्रांती या दृष्टीने समजून घ्यावी लागेल.

शहराचा वाटा

ओकावांगो व उजनी यांच्यातील सर्वांत महत्त्वाचा भेद येथे स्पष्ट होतो. उजनीकडे येणारे पाणी वाटेत पुणे व पिंपरी-चिंचवड या महानगरांतून जाते. प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांमुळे शेवाळ आणि जलपर्णी वाढते. पाण्यातील प्राणवायू घटला की मासे मरतात. माशांवर मच्छीमार जगतो, नदी सुरयही जगतो आणि सोलापूर शहराला पिण्याचे पाणी याच धरणातून मिळते. जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्याने २०१६ मध्ये मार्गी लागलेला मुळा-मुठा शुद्धीकरणाचा प्रकल्प हा म्हणून केवळ शहराच्या सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

निष्कर्ष

नौकेतून होणाऱ्या वन्यजीवदर्शनाचा हंगाम पाऊस केव्हा पडतो यापेक्षा पाणी केव्हा चढते व ओसरते यावर ठरतो. ओकावांगोत ही लय मुख्यतः निसर्गाच्या हाती आहे. उजनीत ती घाटमाथ्याचा पाऊस, धरणाचे आवर्तन व शहराचे सांडपाणी या तिन्हींच्या हाती आहे. आवर्तनांचे नियोजन करताना काही गाळपट्टे पक्ष्यांसाठी राखणे, नावाड्यांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देणे आणि नदीत जाणारे पाणी शुद्ध करणे ही कामे परस्परांपासून वेगळी करता येणार नाहीत. भिगवणला रोहित पाहण्यास जाणाऱ्या पुणेकराचा त्या पक्ष्याशी संबंध होडीत बसल्यावर नव्हे, तर आपल्या घरातील मोरीपाशीच सुरू झालेला असतो.