नवा राउटर बसला, इंटरनेट कुठे अडले?

घरातूनच ऑर्डरी आणि हिशेब सांभाळणाऱ्या आपल्या व्यापारी-कारागीर बांधवांची एक तक्रार हमखास ऐकू येते. नवा राउटर आणला, मोबाइलवर वायफायचे नाव दिसते, पण इंटरनेट नाही. परराज्यात ५०,००० रुपयांवरचा माल निघायचा असला, की ई-वे बिल निघेपर्यंत गाडी दारात उभी! मग दुकानदाराशी हुज्जत सुरू होते. दोष मात्र बहुधा जोडणीत असतो.

वायफाय दिसले म्हणजे मोबाइल ते राउटर एवढाच रस्ता खुला. आधी फायबरच्या डबीवरचा 'एलओएस' दिवा पाहा. तो लाल असेल तर लाइनच खंडित आहे, कंपनीचा माणूस बोलवा. नसेल तर डबीची केबल राउटरच्या 'वॅन' पोर्टातच आहे ना, हे बघा. पुष्कळ कंपन्यांचे युजरनेम-पासवर्ड नव्या राउटरमध्ये पुन्हा भरावे लागतात. (ती चिठ्ठी बिलबुकात जपणारे शहाणे!) तरीही बंद? मग कंपनीकडे जुन्याच राउटरचा मॅक क्रमांक नोंदलेला असू शकतो; फोन करून नवा नोंदवून घ्या. डबी आणि राउटर दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तरी टक्कर होते, राउटरचा १९२.१६८.२.१ करावा.