लेक नर्स झाली, पुढे काय?



लेक नर्स झाली, नोकरीला लागली, की आपण म्हणतो, गंगेत घोडे न्हाले! पण तिची वाट तिथे संपत नाही. नर्सिंगमध्येही पीएच.डी. करता येते.

हिशेब मांडून पाहा. बारावी विज्ञानानंतर बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षे, मग एक वर्षाचा अनुभव, एम.एस्सी. 2 वर्षे आणि पीएच.डी. किमान 3 वर्षे. जी.एन.एम. झालेल्या मुलीला 2 वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची वाट आहे. प्रवेशाआधी, बियाण्याच्या पिशवीचे लेबल पाहता तशी महाविद्यालयाची मान्यता पाहा.

इतके शिकून करायचे काय? कृषी विद्यापीठ शेजारी-शेजारी दोन वाण लावते, तुलना करते आणि मगच शिफारस देते. इथेही तसेच. फवारणीत विषबाधा झालेल्याची शुश्रूषा कशी करावी, कमी वजनाचे बाळ आईच्या छातीशी किती वेळ ठेवावे, हे ती मोजून-पारखून सांगते. नव्या नर्सही घडवते. नावाआधी 'डॉ.' लागते, मात्र ती औषध लिहून देणारी डॉक्टर नव्हे.

खरी अडचण वेगळीच. एम.एस्सी. होते न होते तोच घरात स्थळे येतात आणि पुस्तके माळ्यावर जातात. म्हणून लग्नाच्या बोलणीतच शिक्षणाचे ठरवा. काही विद्यापीठांत नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे. नोकरीच्या ठिकाणची परवानगी तेवढी लागते.

आणि हो, लेकीला जो न्याय, तोच घरी आलेल्या सुनेलाही द्या.