बुरशी पिणारे सूत्रकृमी

सांगोल्याच्या डाळिंब बागेत ‘सूत्रकृमी’ म्हटले की गाठी आलेली मुळी डोळ्यांपुढे येते. मूळगाठ सूत्रकृमीची पिल्ले पांढऱ्या मुळीत शिरून तिथेच ठाण मांडतात आणि अन्नरस शोषतात. अशा जखमांतून मर रोगाच्या सेराटोसिस्टिस बुरशीला वाट सापडते आणि उभे झाड वाळते. बागाईतदाराने सूत्रकृमीनाशकाकडे धाव घेतली तर नवल नाही. पण आळ्यातल्या मातीत सूत्रकृमींचे एकच कुळ नांदत नाही. कोणी जिवाणू गिळतात, कोणी आपल्याच भाऊबंदांची शिकार करतात, तर कोणी केवळ बुरशीवर जगतात.

या बुरशीभक्ष्यांपैकी सर्वाधिक अभ्यासला गेलेला म्हणजे आफेलेंकस अवेनी. बॅस्टियन या इंग्रज वैद्याने १८६५ मध्ये त्याचे वर्णन केले. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. तोंडात पोकळ सुईसारखा काटा असतो, मूळगाठ सूत्रकृमीला असतो तसाच. फरक आहे तो भक्ष्याचा. बुरशीच्या धाग्यावर ओठ टेकवून तो काटा पुन्हा पुन्हा खुपसतो. भिंत भेदली की लाळ आत जाते आणि अन्ननलिकेतला फुगीर स्नायू पंपासारखा चालू लागतो. पेशीतला रस ओढला गेला की धागा पोचट होऊन पडतो. तो बुरशी चावत नाही, पितो.

या पिण्याचा जमिनीला उपयोग होतो. बुरशीत अडकलेल्या नत्रातला गरजेपेक्षा जास्तीचा भाग तो अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो आणि तो मुळांच्या हाती लागतो. मूळकुज घडवणारी रायझोक्टोनिया बुरशीही त्याला आवडते. कुंड्यांतल्या प्रयोगांत त्याच्यामुळे हा रोग घटलेला दिसला आहे.

तरी त्याला मित्र म्हणून मोकळे होता येत नाही. त्याला रोगाची बुरशी आणि उपकारक बुरशी यांतला भेद कळत नाही. मुळांना स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा त्याच्या कुळाच्या तावडीतून सुटत नाही. शेतकरी विकत आणून घालतो त्या ट्रायकोडर्मावरही बुरशीभक्षी सूत्रकृमी ताव मारतात. बटण अळिंबीच्या वाफ्यात तर त्याचे नातेवाईक पीकच बुडवतात. उलट धिंगरी अळिंबीची बुरशी सूत्रकृमींना लुळे पाडून त्यांनाच खाते. मातीत खाणारा आणि खाल्ला जाणारा यांच्या जागा अशा बदलत राहतात.

माणदेशी वाचकाला त्याचा आणखी एक गुण ओळखीचा वाटेल. माती हळूहळू वाळत गेली, तर आफेलेंकस अंगातली चरबी आणि ग्लायकोजेन मोडून ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतो, वेटोळे करतो आणि जवळजवळ सगळे पाणी गमावूनही तग धरतो. ओल आली की पुन्हा हालचाल सुरू होते. एकदम वाळवले तर मात्र तो मरतो. तयारीला त्याला सवड लागते.

दुष्काळाशी असा करार केलेला हा जीव रसायनापुढे मात्र उघडा पडतो. मातीत मुरणारी अनेक सूत्रकृमीनाशके मुळी पिणारा कोण आणि बुरशी पिणारा कोण, हे विचारत नाहीत. म्हणून मातीच्या नमुन्यात सूत्रकृमी किती, या आकड्यावर थांबून चालत नाही; ते कोणत्या कुळाचे, हे आधी पाहावे लागते. पालापाचोळ्याचे आच्छादन आणि कुजके काष्ठ असलेल्या जमिनीत बुरशी वाढते आणि तिच्यामागोमाग हे सूत्रकृमीही वाढतात. तिथला मोठा आकडा रोगाचा नसून कुजण्याचे काम नीट चालल्याचाही असू शकतो.