गोरेशास्त्री, रमाबाई आणि बायबलमधली अवघड वचनं

१८४०च्या दशकात काशीच्या नीळकंठशास्त्री गोरे या तरुण चित्पावन पंडिताने संस्कृतात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ लिहिला. जॉन म्यूर या ब्रिटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती मताची तरफदारी केली होती, तिला हे सडेतोड उत्तर होतं. पण ज्याचं खंडन करायचं ते नीट वाचलं पाहिजे, या शास्त्र्याच्या शिस्तीने गोरे बायबलकडे वळले आणि १८४८ साली जौनपूरला त्यांनीच बाप्तिस्मा घेतला. पुढे नेहेम्या गोरे या नावाने त्यांनी आयुष्यभर ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडली.

ही कथा नुसत्या धर्मांतराची नाही. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायचा, मगच उत्तर द्यायचं, ही आपल्याकडची जुनी वादपद्धती गोऱ्यांनी ख्रिस्ती झाल्यावरही सोडली नाही. परंपरानिष्ठ ख्रिस्ती माणूस संपूर्ण बायबल देवाचं वचन मानतो. म्हणून त्यातला अवघड भाग त्याला बाजूला ठेवता येत नाही. त्याचा अर्थ लावावाच लागतो.

अशी वेळ कशी येते पाहा. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८६०च्या दशकात सुरू झालं. तिथल्या ख्रिस्ती घरातल्या एखाद्या कॉलेजकुमाराला मित्र सहज विचारू शकतो, “तुमचा येशू आईबापांचा द्वेष करायला सांगतो ना?” लूकच्या चौदाव्या अध्यायात तसं वाक्य आहेच. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हीच शिकवण मत्तयाच्या दहाव्या अध्यायात वेगळ्या शब्दांत येते: आईबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रेम करणारा मला योग्य नाही. म्हणजे मुद्दा अग्रक्रमाचा आहे. शिवाय मार्कच्या सातव्या अध्यायात देवाला अर्पण केल्याचं निमित्त सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना येशू खडसावतो, आणि योहान सांगतो की वधस्तंभावरूनही त्याने आईला शिष्याच्या हाती सोपवलं. वचनाचा अर्थ वचनानेच लावायचा, मागचापुढचा संदर्भ सोडायचा नाही, ही जुनी रीत इथे लख्ख दिसते.

सगळीकडे इतकं सरळ होत नाही. कायमच्या नरकशिक्षेची शिकवण खुद्द गोऱ्यांना छळत राहिली. तरीही त्यांनी श्रद्धा सोडली नाही, आणि शंका झाकूनही ठेवली नाही. त्यांचं मोठेपण तिथेच आहे.

पंडिता रमाबाईंना हाच माणूस उपयोगी पडला. संस्कृत शास्त्रांत वाढलेल्या या विदुषीला पटल्याशिवाय काही मान्य करायचं नव्हतं. गोऱ्यांच्या लिखाणाने आपली बौद्धिक खात्री पटली, असं त्यांनी पुढे स्वतः नमूद केलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मात्र त्यानंतरही त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा सिद्धान्त त्यांना लगेच पचला नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा: एक बाई चर्चच्या अधिकारापुढे मान न तुकवता बायबलमधून पुरावा मागते आहे. रमाबाईंनी मुलग्यांना शिकवू नये, असा आग्रह बिशपांनी धरला तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत.

पुण्याहून सोलापूरला जाताना वाटेत केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षं एकाच कामाला वाहिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचा अनुवाद! वचन अवघड असेल, तर आधी ते वाचणाऱ्याच्या हाती तरी पडलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. श्रद्धेचं याहून भक्कम समर्थन मराठीत कुणी केलेलं नाही.

परंपरानिष्ठ ख्रिस्ती जगात अवघड वचनांचा हा प्रश्न अजून जिवंत आहे. १९७८ साली शिकागोत दोनशेहून अधिक सुवार्तावादी नेत्यांनी बायबलच्या निर्दोषत्वाचं निवेदन काढलं. त्यातही ठोकळ आकडे, काव्य आणि रूपक यांचा विचार करूनच अर्थ लावावा, असं बजावलं आहे. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थांत भावी पाळकांना मूळ भाषा शिकवल्या जातात.

पण संडे स्कूलमध्ये एखाद्या मुलीने बापाच्या नवसात सापडलेल्या इफ्ताहाच्या लेकीबद्दल विचारलं, तर “असं विचारू नये” म्हणून तिला गप्प बसवू नका. शास्ते पुस्तकाचा अकरावा अध्याय तिच्याबरोबर उघडा, पूर्ण वाचा, आणि जे उमगत नाही ते तिला तसंच सांगा.