माकडांची नसबंदी : ठराव मांडण्याआधी



गेल्या बैठकीत बचतीचे हप्ते जमा झाले आणि विषय निघाला माकडांचा. कुणाची पडवळं गेली, कुणाची शहाळी, कुणाची कौलं फुटली. एक ताई म्हणाल्या, "सरकारनं त्यांची नसबंदी करावी. ग्रामसभेत ठराव मांडू या." ही नसबंदी असते तरी कशी, ते आम्ही आधी समजून घेतलं. तेच आज तुम्हांला सांगतो.

हिमाचल प्रदेशात हे काम 2006-07 पासून चालू आहे. तिथली माकडं आपल्या कोकणातल्या माकडांहून वेगळ्या जातीची, पण उपद्रव तोच. आजवर दीड लाखाहून जास्त माकडांची नसबंदी झाली. पिंजऱ्यात पकडून भूल देतात. बायकांचं दुर्बिणीचं ऑपरेशन होतं, तसंच मादीचं करतात. नराचीही नस बंद करतात. मग खूण करून जिथून धरलं तिथंच सोडतात. दुसरीकडे सोडलं तर त्या गावाला त्रास, आणि आपल्याकडची मोकळी जागा दुसरी टोळी धरते.

आता मुद्द्याची गोष्ट. नसबंदी केलेलं माकडही खातंच. ते वीसेक वर्षं जगू शकतं. म्हणजे आज शस्त्रक्रिया झाली म्हणून उद्या परसबाग वाचत नाही. फक्त नवी पिल्लं थांबतात. तीही टोळीतल्या बहुतेक माद्यांची नसबंदी झाली तरच. नुसते नर धरून भागत नाही, कारण एखादा सुटला तरी पुरतो. हिमाचलात 2004 च्या गणनेत तीन लाखांवर माकडं होती, 2015 मध्ये दोन लाखांच्या आसपास. संख्या घटली, तरी शेतकऱ्यांची तक्रार सुरूच राहिली.

म्हणून ठरावात आम्ही तीन गोष्टी लिहिणार आहोत. वनखात्यानं आधी टोळ्या मोजाव्यात. माद्यांसकट पूर्ण टोळी धरावी. आणि हे काम वर्षानुवर्षं चालू ठेवावं. आपण स्वतः मात्र माकडं पकडायला जायचं नाही, ते वनखात्याचं काम.

चौथी गोष्ट आपल्याच हातात आहे. देवळापाशी केळी-चणे घालणं आणि उष्टं-खरकटं उघड्यावर टाकणं बंद करायचं. आयतं मिळालं की टोळी हलत नाही.

राखणीत बाईचा अख्खा दिवस जातो, त्याचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही. तो हिशेबही ग्रामसभेत आपणच मांडू या.